सातची शाळा, बाराचे ऊन

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही, असे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस एका कार्यक्रमात बोलले होते, त्यावरून हे सगळे झाले. वर्षभराने, २८ मार्च २०२५ ला, त्याच खात्याकडून दुसरे परिपत्रक आले. ऊन फार आहे, राज्यभरातल्या शाळा सकाळच्या करा. प्राथमिक सात ते सव्वाअकरा, माध्यमिक सात ते पावणेबारा. दोन्ही कागद लेकरांच्या भल्यासाठीच निघाले आणि दोन्हींमागची कारणे खरी आहेत. फक्त एकाने झोपेचा विचार केला, दुसऱ्याने उन्हाचा. धामणगाव रेल्वे या गावातल्या आईला मात्र पहाटे साडेपाचला पोराच्या अंगावरची चादर ओढताना दोन्हींचा विचार एकदम करावा लागतो.

वऱ्हाडात एप्रिल उजाडला की हा प्रश्न घराघरात येतो. ऊन लय तापून रायलं, लेकराले पाठवाव का नाई? विचारायला सोपा, पण हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येणार नाही असा. कारण शाळेत जाणे म्हणजे एक गोष्ट नव्हे. त्यात सकाळची वाट आहे, वर्गावरचे टिन आहे, पाण्याची टाकी आहे, पोषण आहाराची खिचडी आहे आणि सगळ्यात वाईट म्हणजे परतीची वाट आहे.

धामणगाव हे अमरावती जिल्ह्याच्या पूर्व कडेचे तालुक्याचे गाव. नागपूर–भुसावळ रेल्वेमार्गावरचे स्टेशन, यवतमाळला रेल्वेने जायचे तर उतरण्याचे ठिकाण, काळ्या मातीतल्या कापसाची बाजारपेठ. मंगरूळ दस्तगीर, तळेगाव दशासर, अंजनसिंगी अशा गावांतून पोरे एसटीने, ऑटोने, सायकलने इथल्या शाळांत येतात. सेठ फत्तेलाल लाभचंद, म्हणजे गावाच्या तोंडी से.फ.ला., ही त्यातली नावाजलेली शाळा. उन्हाळ्यात पेपरात रोजचे तापमान छापून येते ते अमरावती, अकोला, वर्धा, यवतमाळचे. धामणगावचा पालक त्यातला जवळचा आकडा धरून चालतो.

आता या आकड्याचीच गंमत पाहण्यासारखी आहे. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायची तर कमाल तापमान निदान ४० अंश हवे आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेले हवे. नाहीतर पारा सरळ ४५ गाठायला हवा. तेही एका हवामान विभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस. पुण्या-मुंबईकडे ४० म्हणजे आकांत. वऱ्हाडात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमानच ४२ च्या घरात असते. म्हणजे इथे मे महिन्यात ४४ अंश झाले तर ती कागदोपत्री लाट नाही, नुसता मे महिना आहे. शाळा बंद ठेवण्याचे आदेश लाटेवर बेतलेले असले, तर ज्यांना रोजच लाटेत राहायची सवय आहे त्यांच्या वाट्याला आदेश उशिरा येणार, हे त्या व्याख्येतच लिहिलेले आहे.

आणि हा आकडा असतो सावलीतला. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर वर टांगलेल्या तापमापकाचा. टिनाखालच्या चौथीच्या वर्गात तापमापक नसतो.

गेल्या काही वर्षांत सरकारने हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहिले तर दर वर्षी नवा तोडगा दिसतो. २०२२ साली कोरोनाने बुडालेला अभ्यास भरून काढायचा म्हणून पहिली ते नववी आणि अकरावीचे वर्ग एप्रिल संपेपर्यंत चालवायला सांगितले. पुढच्या वर्षी चक्र उलटे फिरले. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसे भर उन्हात बसली, उष्माघाताने १४ जण दगावले. त्यानंतर चारच दिवसांत राज्यातल्या शाळांना २१ एप्रिलपासून सुटी जाहीर झाली आणि विदर्भातल्या शाळा ३० जूनला उघडतील असे ठरले. २०२५ मध्ये पुन्हा वारे फिरले. एप्रिलच्या सुरुवातीला परीक्षा उरकून शाळा ओस पडतात, म्हणून साऱ्या राज्यात पहिली ते नववीचे पेपर एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिल या काळात घ्यायचे ठरले. विदर्भातल्या शिक्षक-पालकांनी ओरड केली. त्याच एप्रिलमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेला होता.

एक गोष्ट मात्र वर्षानुवर्षे टिकली आहे, ती म्हणजे विदर्भाची शाळा उशिरा उघडते. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्याला घंटा वाजते तेव्हा वऱ्हाडातली पोरे अजून घरीच असतात. बरीच वर्षे तारीख २६ जून होती; २०२४ मध्ये १ जुलै; २०२५ मध्ये २३ जून, त्यातही पहिला आठवडा सकाळी सात ते पावणेबारा. हा शहाणपणाचा भाग. पण केंद्रीय मंडळाच्या शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते. त्यामुळे एकाच घरातली दोन भावंडे, एक सीबीएसईत आणि एक राज्य मंडळात, एकाच उन्हाळ्यात दोन वेगळ्या दिनदर्शिकांनी चालतात, असेही दिसते.

लेकराच्या अंगाला ऊन कसे लागते? कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर अंगातली उष्णता बाहेर जाते. हवा ४२ ची झाली की ओघ उलटतो, उष्णता अंगात शिरू लागते आणि मग शरीराकडे एकच उपाय उरतो: घाम. वीस किलोच्या मुलाच्या वाट्याला दर किलोमागे मोठ्या माणसाच्या जवळजवळ दीडपट कातडी येते. थंड हवेत ती कामाची. तापलेल्या हवेत तिच्यावाटे तितकीच जास्त उष्णता आत येते. शिवाय लहान मुलांना घाम कमी येतो आणि खेळाच्या नादात तहान कळत नाही.

यावरून लहान मुले उन्हापुढे अगदीच लुळी, असा समज पूर्वी डॉक्टरांतही होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली तो दुरुस्त केला. पाणी पुरेसे मिळाले, विसावा मिळाला, हळूहळू सवय झाली तर निरोगी मूल उन्हात मोठ्यांइतकेच तग धरते, असे त्यांनी मांडले. म्हणजे लेकरू नाजूक आहे हा अर्धाच भाग झाला. त्याच्या पाण्याची, सावलीची आणि विसाव्याची व्यवस्था दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असते, हा उरलेला अर्धा. मोठा माणूस उठून माठाकडे जातो. पहिलीतले पोर बाईंना विचारते आणि बाई फळ्याकडे वळलेल्या असतात.

व्यवस्थेचे म्हणाल तर परिपत्रकात पंखे चालू ठेवा असे वाक्य हमखास असते. आता जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्याने अंग थंड होत नाही, उलट तापते. तो गरम हवाच अंगावर लोटतो. अंग किंवा कपडा ओला असला तर गोष्ट वेगळी. वऱ्हाडी माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. खिडकीला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारणे किंवा पत्र्याचा कूलर लावणे हे त्याचेच शास्त्र. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर वर्गाचे तापमान चांगलेच उतरवतो, एसीच्या मानाने वीजही कमी खातो. घराघरात कूलर आहे, तालुक्याच्या कचेरीत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वर्गात तो का नसावा, याचे उत्तर विजेच्या बिलापाशी येऊन थांबते. जूनअखेर मात्र कूलरही कामाचा नाही. एखादी सर पडून हवा दमट झाली की पाणी वाळत नाही, घामही वाळत नाही. तेव्हा पारा ३८ वर असला तरी जीव कासावीस होतो. शाळा उघडण्याचा आठवडा नेमका तो असतो.

पाण्याची गोष्ट तर अगदी जवळून पाहण्याजोगी आहे. गावच्या शाळेच्या स्लॅबवर प्लास्टिकची काळी टाकी असते. सकाळी साडेसातला तोटी उघडली तर पाणी कोमट. साडेनऊला खिचडीच्या रांगेत पोरे ताटली धुतात तेव्हा पहिली धार चटका देते. अकरा वाजता पोरगे ओंजळ भरते, तोंडाला लावते आणि अर्धे सांडून पळते. रजिस्टरमध्ये पिण्याच्या पाण्याची सोय ‘आहे’. प्यायचे पाणी नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. प्यावेसे पाणी नाही, एवढेच. मुलींचा हिशेब आणखी निराळा. स्वच्छतागृह धड नसले की त्या घरूनच पाणी न पिता निघतात आणि घरी पोचेपर्यंत तहान धरून ठेवतात. त्यावर बाटली आणा म्हणणे हा उपाय नव्हे. केरळने २०१९ मध्ये शाळांत पाण्याची घंटा सुरू केली: ठरल्या वेळी घंटा होते आणि सगळ्या वर्गाने एकदम पाणी प्यायचे. पुढे ती कल्पना इतर राज्यांनीही घेतली. घंटेला पैसे लागत नाहीत. टाकीवर सावली आणि वर्गात दोन माठ ठेवायला थोडे लागतात.

सकाळच्या शाळेचा खरा घोटाळा शाळा सुटल्यावर सुरू होतो. दिवसाचा पारा सर्वांत वर जातो तो दुपारी तीनच्या आगेमागे, म्हणून पावणेबाराला सोडले म्हणजे मुले वाचली, असा हिशेब. तो गावातल्या गावात घर असलेल्यांसाठी ठीक. तळेगावच्या बाजूने आलेल्या आठवीतल्या मुलीला एसटीची वाट पाहावी लागते. गाडी भरून आली तर पुढची. फाट्यावर उतरून घरापर्यंतचा डांबरी रस्ता, पायात स्लीपर, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. घड्याळात दीड वाजलेला असतो. शाळेची वेळ बदलताना एसटीची वेळही बदलली पाहिजे, ही साधी गोष्ट. पण शाळा एका खात्याची आणि गाडी दुसऱ्याची.

त्यानंतर शिकवणी. पुष्कळ मुले शाळेतून घरी येऊन जेवून पुन्हा तीनच्या क्लासला निघतात. इथे अकोल्याचे उदाहरण घ्यावे. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लावले. एरवी दंगलीच्या भीतीने लागणारे हे जमावबंदीचे कलम उन्हासाठी लागले, म्हणून देशभर बातमी झाली. त्या आदेशात कामगारांना पाणी, सावली आणि पंखे देण्याच्या सूचना होत्या, तसेच खासगी शिकवण्या सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळात चालवू नयेत असेही बजावले होते. शाळेला सुटी दिली म्हणजे लेकरू सावलीत बसले असे होत नाही, हे त्या आदेशाने तरी ओळखले.

मग शाळाच बंद ठेवावी का? बंद शाळेतले मूल कुठे असते, हे आधी पाहावे. ज्यांच्या घरी स्लॅब, कूलर आणि दुपारी घरात राहणारे माणूस आहे, त्यांच्यासाठी घर शाळेपेक्षा बरे. शेतमजुराच्या घरावरही टिनच असते, आई-बाप पहाटे कामावर गेलेले असतात आणि पोरांची दुपार गल्लीत, विहिरीवर, शेततळ्यात किंवा वर्धा नदीच्या डोहात जाते. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. दुसरे म्हणजे जेवण. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. शाळा बंद तर ताट बंद. २०१६ च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही हा आहार द्यायला सांगितले होते, ते उगाच नव्हे. आणि जाता जाता: ती खिचडी शिजवणाऱ्या बाया पत्र्याच्या शेडमध्ये चुलीपुढे किंवा शेगडीपुढे उभ्या असतात. उन्हाच्या परिपत्रकांत त्यांच्याबद्दल शब्द निघत नाही.

अभ्यासाचे काय होते, याचीही मोजदाद झाली आहे. अमेरिकेत जिसंग पार्क आणि सहकाऱ्यांनी एक कोटी विद्यार्थ्यांचे गुण तपासले. शाळेचे वर्ष एक अंश फॅरनहाइटने अधिक गरम गेले तर त्या वर्षीचे शिकणे एक टक्क्याने घटते, असे त्यांना २०२० मध्ये आढळले. वर्ग थंड ठेवणाऱ्या शाळांत ही घट जवळपास भरून निघत होती. आपल्याकडचे चित्र जास्त गुंतागुंतीचे आहे. तिघा अर्थतज्ज्ञांनी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीतले गुण आणि जिल्ह्यांचे तापमान ताडून पाहिले. दिवसाचे सरासरी तापमान २९ अंशांच्या वर असलेले दहा दिवस वर्षात वाढले की गणिताचे आणि वाचनाचे गुण घसरतात. पण मुख्य फटका वर्गातल्या उकाड्याचा नव्हता. पीक उभे असताना पडलेल्या उष्णतेने उत्पन्न बुडते, घरात पैसा कमी येतो आणि पोराच्या पोटाला आणि पुस्तकाला कात्री लागते. रोजगार हमीची कामे जिथे पोचली तिथे हा फटका सौम्य झाला. कपाशीवर जगणाऱ्या तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. तेव्हा उन्हाळ्यातले शाळेचे चार दिवस वाचवून किंवा बुडवून सगळा हिशेब जुळतो, असे कोणी समजू नये.

जगही याच पेचात आहे. युनिसेफच्या हिशेबाने २०२४ साली हवामानाच्या आपत्तींनी ८५ देशांतल्या २४ कोटी २० लाख विद्यार्थ्यांची शाळा विस्कटली, त्यातले १७ कोटी १० लाख उष्णतेच्या लाटांमुळे; एकट्या भारतात सुमारे साडेपाच कोटी. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बांगलादेशाने देशभरच्या शाळा बंद केल्या, फिलिपाइन्सने मुलांना घरून शिकायला सांगितले आणि नंतर शाळेचे वर्ष पुन्हा जूनपासून धरले. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रशियातली रीत याहून साधी होती. १८९२ च्या आदेशाप्रमाणे सकाळी दहाला सावलीत पारा २५ वर असेल तर सलग चार तासांपेक्षा जास्त शिकवायचे नाही. पंचवीस अंशांवर धामणगावकर हसेल. शहाणपण आकड्यात नव्हते. तापमापक शाळेतला होता आणि निर्णय त्याच दिवशीचा होता, हे महत्त्वाचे.

अशी सोय होईतोवर घरच्यांनी काय करावे? ताप, जुलाब किंवा उलट्या झालेल्या मुलाला तापत्या दिवशी पाठवू नये, मग पेपर का असेना. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. अंगातले पाणी कमी झाले की हा आजार असलेल्या मुलांना वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून शाळेला आधी सांगून ठेवावे आणि त्यांची बाटली कधी रिकामी राहू देऊ नये. घरून निघताना पाणी किंवा ताक, डोक्याला सुती रुमाल, अंगात सैल सुती कपडा. खिशातल्या कांद्याने ऊन उतरत नाही, पोळीबरोबर तोच खाल्ला तर कामी तरी येतो. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे ही पहिली खूण: सावली, विसावा आणि लिटरभर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. मूल असंबद्ध बोलू लागले, झापड आली, अंग भाजल्यासारखे गरम लागले, तर तो उष्माघात. कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. पाणी आधी, गाडी आली की दवाखाना.

राहिला प्रश्न वेळापत्रक कोणी ठरवायचे याचा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास शिकवणे बंधनकारक केले आहे. एप्रिल सोडायचा तर हे तास दिवाळीच्या, गणपतीच्या सुट्यांतून किंवा थंडीतल्या शनिवारांतून काढावे लागतील, फुकट मिळणार नाहीत. पण त्याच कायद्याच्या ९ व्या कलमात शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हटले आहे. म्हणजे गावच्या शाळांपुरते जिल्हा परिषदेचे. अमरावतीच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे निवडणुका रखडून कारभार प्रशासकाकडे गेला. सुटीची तारीख मात्र पुण्याहून, शिक्षण खात्याकडून येते. कायद्यातली ती ओळ वापरायची तर जानेवारीतच बसावे लागेल: एसटीचे आगार, शाळा व्यवस्थापन समित्या, आरोग्य केंद्र आणि वीज कंपनी यांना एका टेबलाशी घेऊन. कोणत्या शाळेच्या पत्र्याला पांढरा रंग आणि स्लॅबला चुना द्यायचा, कुठे कूलर बसवायचा, सव्वाअकराची गाडी कोणत्या फाट्यापर्यंत न्यायची आणि सुटीच्या दिवसांत खिचडी कुठल्या गावात चालू ठेवायची, हे चार ठराव झाले तर मार्चच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.